मा. पारासाहेब, यंदा जरा वेळेवर उतरा

प्रति,
मा. पारासाहेब (किमान),
हवामान वेधशाळा, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी.

विषय : डिसेंबरात वेळेवर खाली उतरून अर्जदार बाईची अब्रू राखणेबाबत.

महोदय,

वरील विषयी सविनय सादर करते की, मी परभणीची रहिवासी असून शाळेतली नोकरी, सासूबाई, नवरा, दहावीतली लेक आणि तिच्याहून वयाने लहान पण आवाजाने मोठा मुलगा एवढं सांभाळून हाताने लोकरीचे मोजे विणते. होय, परभणीत. जिथं मे महिन्यात आपले थोरले बंधू, कमालसाहेब, 44-45 अंशांवर जाऊन बसतात आणि दुपारी डांबराला चप्पल चिकटते, त्याच परभणीत. हे वाचून आपण दचकणार नाही अशी आशा आहे. बाकी सगळ्यांचं दचकून झालेलं आहे.

मोज्यांचे टाके मी सुयांवर घेते ते उन्हाळ्यातच, कारण शाळेला सुट्टी तेव्हाच असते. गच्चीवर कुरडया घालायला आलेल्या शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. "अगं माय, ह्या उन्हात लोकर? अंगावर लुगडं नको वाटायलंय अन् तू मोजे विणायलीस?" काकू स्वतः चिकाच्या पातेल्यापुढं घामाघूम होऊन पुढच्या वर्षभराची सोय करत होत्या, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. उन्हाळ्यात कुरडई घातली की बाई हुशार. उन्हाळ्यात मोजा घातला सुईवर, की बाईला ऊन लागलं.

आता आपल्या कामगिरीविषयी. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एक दिवस असा उगवतो की पेपरच्या पहिल्या पानावर 'परभणी गारठली' असा मथळा येतो, शेजारी शेकोटीचा फोटो आणि आपला आकडा. त्या सकाळी आमच्या घरातल्या सगळ्यांना एकदम पाय फुटतात. ऑक्टोबरात "तुझी लोकर सोफ्यावरून उचल" म्हणणारे आमचे हे कपाटात डोकं घालून "माझे राखाडी कुठं गेले?" असं विचारतात. "मी नाही घालणार, मुलं हसतात" म्हणणारा मुलगा दोन जोड एकावर एक चढवतो. सासूबाई काही मागत नाहीत. फक्त पलंगावरून पाय थोडे पुढं करतात.

गंमत अशी की 'गार पडलंय' हे मी नोव्हेंबरपासून सांगत असते. पहाटे ओट्यापुढच्या फरशीवर पहिला पाय माझा पडतो, तेव्हा त्या फरशीला काय झालंय ते मला कळतं. पण मी सांगितलेल्या थंडीला घरात किंमत नाही. ती छापून यावी लागते.

आणि छापून येतानाही आपण एक घोळ करता. एकाच शहरात आपले दोन आकडे येतात, हवामान खात्याचा एक आणि विद्यापीठाचा एक, आणि विद्यापीठाचा बहुतेक वेळा खालचा. त्यामागचं कारण मला समजतं. तिथं मोकळी शेतं, सिमेंट कमी. उत्तरेकडून कोरडं वारं आलं आणि आभाळ निरभ्र असलं की दिवसभराची ऊब रात्री जमिनीतून थेट वर निघून जाते. पण या दोन आकड्यांवरून आमच्याकडे दोन तट पडतात. "एवढी काही थंडी नाही" म्हणणाऱ्यांचा वरचा आकडा आणि माझा खालचा. 1972 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती, परभणी शक्ती असे ज्वारीचे वाण दिले. त्याबद्दल आम्ही भाकरीगणिक ऋणी आहोत. तरी माझ्या लेखी विद्यापीठाचं सर्वांत मोठं देणं म्हणजे आपला खालचा आकडा.

एक नाजूक गोष्ट विचारू का? लेकीने तिच्या विज्ञानाच्या सरांकडून माहिती आणली आहे की वेधशाळेतल्या किमान तापमापकात पारा नसतोच. त्यात अल्कोहोल असतं आणि त्याच्या पोटात एक बारीक दांडी. थंडी वाढली की अल्कोहोल आक्रसतं आणि दांडीला मागं ओढत नेतं. पुन्हा ऊब आली की अल्कोहोल पुढं निघून जातं, दांडी मात्र रात्रीच्या सर्वांत खालच्या खुणेवर सकाळपर्यंत पडून राहते. म्हणजे 'पारा घसरला' असं छापून येतं तेव्हा राबलेली असते दांडी आणि नाव होतं आपलं. मला याचं फारसं नवल वाटलं नाही. मागच्या लग्नसराईत नणंदेने माझ्या नवऱ्याच्या पायातले मोजे पाहून "दादाची आवड मोठी चांगली" असं म्हटलं होतं.

आपल्याला वाटेल, एवढ्या कामात ही बाई विणते कधी? मोजा म्हणजे पाच सुयांचा कारभार. चौघींवर टाके, पाचवी फिरती. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. ती कुठंही होते. नळाला पाणी येण्याची वाट बघताना, शिकवणीच्या दारात स्कूटीवर बसून, कुकरच्या शिट्ट्या मोजत, तपोवन एक्सप्रेसने संभाजीनगरला जाताना सेलू ते जालना. माझे मोजे लोकरीचे कमी आणि इतरांची वाट बघण्याचे जास्त आहेत. घरातल्या मंडळींनी वेळेवर तयार व्हायचं ठरवलं, तर माझं विणकाम त्या दिवशी बंद पडेल. सुदैवाने तशी काही चिन्हं नाहीत.

टाचेची गोष्ट वेगळी. टाच एकांत मागते. साठ टाके असतील तर तीस बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या तिसांची सपाट पट्टी विणायची. मग ती वळवायची. मध्य ओलांडून दोन टाके पुढं जायचं, तिथं दोनाचा एक करायचा, आणखी एक विणायचा आणि ओळ अर्धीच टाकून चक्क मागं फिरायचं. पलीकडे तसंच. तिथून पुढं दर ओळीला मागच्या खेपेला सोडलेल्या फटीपर्यंत जायचं आणि फटीच्या अलीकडचा-पलीकडचा असे दोन टाके एकात घ्यायचे. काही ओळी गेल्या की सपाट विणीला हातातच वाटीसारखा खोलगटपणा येतो. दर वेळी येतो, आणि दर वेळी मला ते खरं वाटत नाही.

ही मोजणी चालू असतानाच घराला माझी आठवण होते. पंधरा, सोळा... "आई, माझा कंपास?" सतरा... "अगं, दूध उतू चाललंय." चालल्याचं त्यांना दिसतं, गॅसचं बटण दिसत नाही. टाच वळेपर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम मी घालून पाहिला. सासूबाईंनी तो तंतोतंत पाळला. एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त भांडी वाजवली.

आमचे हे हिशोबाला पक्के. गांधी पार्कात शंभराला तीन जोड मिळतात, तुझी लोकरच त्याच्या वर जाते, शिवाय तुझा वेळ धर, असं ते कागदावर मांडून दाखवतात. हिशोब बरोबर आहे. फक्त त्यांच्या कागदावर माझा वेळ विणायला बसलं की महाग होतो; पोळ्या लाटताना, कपाट आवरताना, त्यांच्या मावशीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला जाताना तो फुकट असतो. हा दर कोण ठरवतं, याची चौकशी व्हावी. हे आपल्या कार्यकक्षेत येत नसल्यास अर्ज योग्य त्या विभागाकडे वर्ग करावा.

तसे यंत्राचे मोजेही एका वैतागलेल्या माणसाचीच देणगी आहेत. 1589 साली विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने मोजे विणण्याचं यंत्र काढलं. त्याच्या मनात भरलेली बाई त्याच्याकडे ढुंकूनही न बघता विणतच बसायची, म्हणून त्याने हे केलं, अशी आख्यायिका आहे. हाताने विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून राणी पहिल्या एलिझाबेथने त्याला परवाना नाकारला, असंही सांगतात. एकूण काय, बाई विणतेय आणि आपल्याकडे बघत नाही, हे दुखणं आमच्या घरापुरतं नाही.

बरं, ते शंभराचे तीन जोड इथं उपयोगाचे किती? परभणीतली बाई बूट घालत नाही, चप्पल घालते. अंगठ्याच्या पट्ट्यात अख्खा मोजा कोंबला की चालताना तो पुढं ओढला जातो. त्यासाठी अंगठा वेगळा हवा. अंगठ्याचे तयार मोजेही मिळतात, पण पुढं बोटात जोडवी असतात, आणि दोन आठवड्यांत जोडव्याच्या कडेने बरोबर तिथंच भोक पडतं. मी त्या जागी दुहेरी धागा घेते. सासूबाईंची जोडवी जुन्या घडणीची, काठ धारदार. त्यांच्या मोज्याला तेवढाच भाग मळखाऊ रंगाचा आणि जाड. कारखान्याला हे माप कळवायचं कसं? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेला सोळा-सतराशे वर्षांपूर्वीचा लाल लोकरी मोज्यांचा जोड आहे. एकाच सुईने, गाठीगाठीने केलेला, आणि पुढं दुभंगलेला, सँडलमध्ये घालता यावा म्हणून. इजिप्तसुद्धा काही थंड हवेचं ठिकाण नव्हे. त्या बाईलाही कुणीतरी "ह्या उन्हात लोकर?" असं विचारलंच असणार.

आमचे मेहुणे मानवतचे, कापसातले. त्यांचा आक्षेप स्वदेशी आहे. काळ्या मातीत राहता, दारात कापूस पिकतो, आणि लोकर लुधियानाची? त्यांच्या समाधानासाठी सुती धाग्याचा एक जोड करून दिला. सुताला लोकरीसारखी ओढ नसते, ताणलं की ते ताणलेलंच राहतं. भाऊजींचे मोजे संध्याकाळपर्यंत घोट्याखाली येऊन बसतात आणि भाऊजी निष्ठेने ते वर ओढत हिंडतात. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या गावावर कुणी केली ठाऊक नाही. मी ती मोज्यांना वापरते. ह्यांच्या मापाचा जमला तर जमला, नाही तर मुलाला.

तरी विनंती की, यंदा आपण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा तरी आठच्या खाली यावं. गहू-हरभऱ्याला ते मानवतं, आणि मलाही. मात्र माझ्या अर्जाच्या भरात फार खाली जाऊ नये. शेतपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली म्हणून दोन वाजता रब्बीला पाणी द्यायला चिखलात उतरणारी माणसं या जिल्ह्यातल्या नऊही तालुक्यांत आहेत. त्यांना आपला आकडा सकाळी पेपरात वाचावा लागत नाही, आणि त्यांच्या पायाला पुरेल असं माझ्या पिशवीत काही नाही. शिवाय सासूबाईंचा डावा मोजा झाला असला तरी उजव्याची टाच अजून व्हायची आहे, आणि लेकीची सराव परीक्षा, दिराकडची वास्तुशांत आणि माझ्या पेपर तपासण्याचे गठ्ठे एकाच पंधरवड्यात आलेले आहेत. आपण नोव्हेंबरातच उतरलात तर एकच पाय उबदार असलेल्या सासूबाईंना आपण स्वतः येऊन उत्तर द्यावं.

कळावे,
आपली विश्वासू,
अर्जदार

प्रत माहितीस्तव : थोरले बंधू कमालसाहेब (मे महिन्यात जरा बेताने घ्यावे, लोकर बोटांना चिकटते); तापमापकातली दांडी (व्यक्तिशः, आदरपूर्वक).

ता. क. : उत्तर मला वेगळं कळवू नये. पेपरातच येऊ द्यावं, पहिल्या पानावर. आमच्या घरात तेवढंच खरं मानतात.