वाळवी-राणीसाहेबांस अनावृत पत्र

श्रीमती वाळवी-राणीसाहेब, मुक्काम वारूळ, यांचे सेवेशी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आमच्या मुंबईच्या कचेरीत नुकत्याच रुजू झालेल्या खातेप्रमुखांनी दप्तरखान्यातील यच्चयावत सागवानी टेबले, कपाटे आणि वेताच्या खुर्च्या निर्लेखित करून त्यांच्या जागी चकचकीत नवे सामान मागविण्याची तजवीज केली आहे, हे शुभवर्तमान आपल्या दरबारी रुजू करताना मला परमसंतोष होत आहे; कारण या व्यवहारात कचेरीचा लाभ कोणता हे जमाखर्चाच्या एकाही रकान्यात सापडत नसले, तरी आपला लाभ निर्विवाद आहे.

आजवर आपल्या प्रजेची आम्ही जी उपासमार केली, तिचे स्मरण झाले की संकोच वाटतो. पन्नास ते ऐंशी वर्षे रानात उभा राहून परिपक्व झालेला साग आपल्या गाभ्यात अशी काही तैलयुक्त द्रव्ये साठवून ठेवतो की, काष्ठभक्षकांनी त्याच्याकडे पाठच फिरवावी. नव्या टेबलांचे तसे नाही. लाकडाचा भुसा किंवा उसाची चिपाडे रासायनिक डिंकात कालवून, दाबून, वर लाकडाच्या चित्राचा कागद डकविलेले ते तक्ते म्हणजे आपल्या दातांचे अर्धे श्रम कारखानदारानेच परस्पर उरकून दिल्यासारखे आहे. पावसाळ्यात पाणी शिरले की ते फुगतात, एकदा निघालेला स्क्रू त्याच छिद्रात पुन्हा धरत नाही, आणि नवेपणी त्यांतून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडने कारकुनांचे डोळे चुरचुरतात. अर्थात डोळे मिटूनही मंजुऱ्या देता येतात, हे आमच्या खात्याने पूर्वीच सिद्ध केले आहे.

तथापि राणीसाहेबांनी गाफील राहू नये. जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्यात असे लोक राजरोस दुकाने मांडून बसले आहेत, जे पाडलेल्या इमारतींच्या ब्रह्मदेशी सागाच्या तुळयांतून पुन्हा टेबले घडवितात. आमच्याही वऱ्हांड्यात परवा एक वृद्ध सुतार येऊन गेला. त्याने खुर्ची उलटी केली, सांधे बोटाने ठोकून पाहिले आणि सांगितले, की दोन खुंट्या बदलून, वेताची बैठक नव्याने विणून, स्पिरिटात विरघळविलेल्या चपडा लाखेचे चार हात दिले, की ही आणखी एक पिढी बसवील. आणि खर्च नव्या खुर्चीच्या निम्म्याहून कमी! अशा माणसाच्या नादी लागल्यास नवे झाड तुटत नाही, जुन्या झाडाने हवेतून शोषलेला कार्बन टेबलातच राहतो, देवनारच्या कचऱ्यात भर पडत नाही आणि आपल्या प्रजेच्या वाट्यास काहीच येत नाही.

चंडीगडची हकीकत तर आपण ऐकूच नये. पिएर जानरे या स्थापत्यविशारदाने तेथील सरकारी कचेऱ्यांसाठी व विद्यापीठासाठी योजिलेल्या लाकूड-वेताच्या खुर्च्या कालांतराने भंगार ठरून गच्च्यांवर रचल्या गेल्या आणि लिलावात कवडीमोलाने निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्यांची डागडुजी करून त्या पाश्चात्त्य लिलावगृहांत लाखो रुपयांना विकल्या. आणि अखेर २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयास त्यांच्या विक्रीवर व निर्यातीवर निर्बंध घालणारा हुकूम काढावा लागला. निर्लेखनाच्या कागदांवर सह्या करणारे अधिकारी बहुधा त्याच खुर्च्यांवर बसले असावेत, असा माझा तर्क आहे.

सबब एक नम्र दरखास्त. निर्लेखन समितीची बैठक येत्या सोमवारी आहे, आणि सुताराने दिलेला दुरुस्तीखर्चाचा अंदाज तळमजल्यावरील ओलसर खणात, जडसंग्रह नोंदवहीखाली पडला आहे. खातेप्रमुखांच्या मनोदयास तो कागद एवढाच काय तो अडथळा असल्याने आपण स्वारीचा प्रारंभ तेथूनच करावा. खणाच्या मागची भिंत पोकळ आहे. कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
जडसंग्रह नोंदवहीचा कारकून

ता. क. : अंदाजाची नक्कल वरच्या मजल्यावरील सागवानी कपाटात आहे. तिकडे येण्याची तसदी घेऊ नये.