उंची सीटमधून कापा, शॉकअपमधून नाही

भाचीची उंची पाच फूट एक इंच. मार्चमध्ये तिने सेकंडहँड क्रूझर घेतली. सिग्नलला नुसते चवडे टेकतात म्हणून पंधराव्या दिवशी एका गॅरेजात नेली आणि ‘लो’ करून आणली. मागचे दोन्ही शॉकअप काढले, दोन इंच आखूड लावले, तासाभरात काम उरकलं. ती बसली तेव्हा टाचा टेकल्या. मलाही बरं वाटलं. पुढच्या रविवारी पुण्याहून वाईला जाऊन आली आणि रात्री पालथी झोपली.

“मावशी, प्रत्येक स्पीडब्रेकर मणक्यात जातोय गं.”

सोमवारी मी मागच्या चाकाशी टॉर्च धरून बसले. मडगार्डच्या आतल्या अंगाला टायर घासून पत्रा चकचकीत झाला होता, बोटभर रुंदीचा पट्टा. शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी बंपर चिरडून त्याचे तुकडे लोंबत होते. एका आठवड्यात! गॅरेजात फोन लावला तर उत्तर मिळालं, “लो केली की थोडी हार्ड होणारच.” याला उत्तर म्हणत नाहीत, हात झटकणं म्हणतात.

हार्ड का होते, हे त्या माणसाने आधी सांगायला हवं होतं. चाकाला वर-खाली व्हायला जी जागा मिळते, तिला गॅरेजात ट्रॅव्हल म्हणतात. धक्का या जागेत जिरतो. जागा निम्मी केली, तर तोच धक्का जिरवायला सरासरी दुप्पट जोर लागतो, आणि तो जोर सीटमधून थेट माकडहाडात जातो. क्रूझरकडे ही जागा मुळातच बेताची. सुपर मिटिओर ६५० या क्रूझरच्या मागच्या चाकाला १०१ मिलिमीटर मिळतात, भाचीच्या गाडीलाही जवळपास तेवढेच. त्यातले दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर गेले, की उरतात ५०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो, पण तो ३.७ मीटर रुंदीत हळूहळू चढतो. आपल्या गल्लीत रातोरात उगवणारा हातभर रुंदीचा उंचवटा असा चढू देत नाही, तो लाथ मारतो.

आणि ते ५० सुद्धा पूर्ण हाती येत नाहीत. माणूस बसला की गाडी दबते, ट्रॅव्हलचा पाव ते तिसरा हिस्सा तिथेच खर्च होतो आणि तेवढा व्हायलाही हवा. आम्ही टेपने मोजलं. एकाने मागचं चाक जमिनीपासून अधांतरी उचललं, मी आसापासून सरळ वर मडगार्डवर खडूची खूण केली आणि अंतर घेतलं. मग भाची हेल्मेट-जॅकेट घालून बसली, तिच्या वडिलांनी हँडल धरलं, पुन्हा तेच अंतर घेतलं. फरक ३४ मिलिमीटर. खड्ड्यासाठी शिल्लक राहिली जेमतेम दीड सेंटिमीटर. ती रविवारी वाईपर्यंत बंपरवर आदळत गेली होती.

आता ज्याची उंची कमी आहे त्याने काय करायचं? ही गरज हौसेची नाही. भरल्या रहदारीत उतारावर दोनशे किलोची गाडी चवड्यांवर तोलताना काय होतं, ते तोलणाऱ्यालाच ठाऊक. म्हणूनच ‘उंच माणसांची गाडी आहे ती, तू स्कूटर घे’ असं कुणी सुनावलं की मला संताप येतो. उपाय आहे, आणि तो सीटपासून सुरू होतो.

पाय सीटवरून सरळ खाली जात नाहीत, सीटला वळसा घालून जातात. सीटचा पुढचा भाग रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढी लांबी जमिनीला कमी पडते. आम्ही मूळ शॉकअप परत लावले आणि गाडी सीट शिवणाऱ्या कारागिराकडे नेली. त्याने रेक्झिन उसवलं, भाचीला उघड्या फोमवर बसवून पेनाने मांडीची कड आखली, आणि करवतीच्या पात्याने दोन्ही बाजूंनी फोम तिरका उतरवला. वरून फक्त २५ मिलिमीटर काढले. नुसतं कापून सोडलं असतं तर बूड थेट सीटच्या पाट्यावर आलं असतं. म्हणून खाली घट्ट फोमचा थर चिकटवला आणि वर मऊ. टाचा जमिनीपासून बोटभर राहिल्या. जाड तळव्याचे रायडिंग बूट घातले आणि तेही अंतर मिटलं. ट्रॅव्हलचा एक मिलिमीटर गेला नाही.

कारखान्यांना हे कळतं. हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर येते, बुटक्यांसाठी ८०५ ची वेगळी मिळते, आणि चाकांचं २०० मिलिमीटर ट्रॅव्हल दोन्हींत तेवढंच. उलट उदाहरणही आहे. हार्ले-डेव्हिडसनने २०२१ मध्ये आणलेल्या स्पोर्टस्टर एसच्या मागच्या चाकाला जेमतेम ५१ मिलिमीटर दिले होते. २०२५ च्या मॉडेलमध्ये कंपनीने ते सुमारे ६० टक्क्यांनी वाढवले.

सीट करूनही कमी पडत असेल, तरच शॉकअपला हात लावा, आणि १०-१५ मिलिमीटरवर थांबा. तेही पुढून-मागून सारखं. मागून एकटी खाली बसवली की पुढचा फोर्क आणखी मागे कलतो, कमी वेगात हँडल जड होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पुढे फोर्कच्या नळ्या त्या धरून ठेवणाऱ्या ‘टी’मधून तेवढ्याच वर सरकवता येतात, मात्र फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या ‘टी’ला टेकत नाही ना, हे आधी तपासायचं. मागचा आखूड शॉकअप घेताना त्याची स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे का विचारा, आणि स्प्रिंगच्या कडकपणाचा आकडा सांगता येत नसेल तर उठून या. सुरुवातीला मऊ आणि दबेल तशी कडक होत जाणारी प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग इथे खरंच कामाची आहे. एक गोष्ट गॅरेजात कुणी सांगत नाही. शॉकअप तिरका बसलेला असतो, त्यामुळे तो एक इंच आखूड केला तर गाडी इंचापेक्षा जास्त खाली येते.

स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी प्रीलोडची कडी एकदम खाली आणून गाडी बुटकी करू नका, ती त्याच शंभर मिलिमीटरमधून उसनवारी आहे. आणि ग्राइंडरने स्प्रिंगचे वेढे कापणाऱ्याला गाडीची चावी देऊ नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, कापलेलं टोक सपाट बसत नाही, आणि कापताना तापलेलं पोलाद कधी दगा देईल याचा नेम नाही.

गाडी थोडीही खाली आली तरी साइड स्टँड तेवढाच लांब राहतो. मग ती उभीच्या उभी राहते आणि वाऱ्याने पलीकडे पडते. चेनचा ढिलेपणा पुन्हा बघावा लागतो, वळणावर फूटरेस्ट लवकर घासतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सुद्धा वाचून ठेवा. नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाप्रमाणे करता येत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा माणूस नेमकं तिथेच बोट ठेवतो. फोम उतरवलेल्या सीटला कुणी हरकत घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

गेल्या रविवारी भाची पुन्हा वाईला गेली. खंबाटकी चढून, पसरणीच्या पायथ्याला चहा पिऊन संध्याकाळी परतली आणि जेवून उताणी झोपली. आखूड शॉकअप आठवडाभर जिन्याखाली पडून होते. विकून टाक, हजार-बाराशे येतील, असं मी म्हटलं. “आणखी कुणाला तरी लागतील ना मग,” म्हणाली, आणि भंगारवाल्याला किलोवर दिले.