कान काढला रे!

आमच्या तीन वर्षांच्या चिरंजीवांना नकोसा माणूस लांबूनच कळतो. तो पडवीत टेकला की हे महाशय कानातलं श्रवणयंत्र उपसतात आणि निवांत होतात. ही सोय आम्हा धडधाकट कानवाल्यांना नाही. परवा उपसलेलं यंत्र बांगड्यांच्या टोपलीत सापडलं. मालवणची खारी, दमट हवा त्याला मानवत नाही, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत झोपतं. बांगड्यांच्या शेजाराबद्दल मात्र माहितीपुस्तिका गप्प आहे. (त्यातली बटणाएवढी बॅटरी तेवढी हसण्यावारी नेऊ नये, गिळली तर थेट दवाखाना.)

सल्ले फुकट. "देवाक गाऱ्हाणा घातलंस काय गो?" "माझो झील पाच वर्सांनी बोललो, आता गप रवणा नाय." हा झील आम्ही ऐकलाय. त्याच्यापुढे आम्हालाही यंत्र काढावंसं वाटतं. पण काढणार काय?

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. बहुतेक सवलतींसाठी अपंगत्वाच्या दाखल्यावर किमान 40 टक्के लागतात. त्यामुळे दाखल्याच्या तपासणीसाठी कसालमार्गे ओरोस गाठताना पोर 'पास' व्हावं की नापास, देवाकडे नेमकं काय मागावं हेच कळत नाही. दाखला हाती आल्यावर शेजारीण म्हणाली, "किती पडले?" आकडा ऐकून खूश झाली. "बरे पडले गो!"

आमच्याकडे जरूर या. त्याच्यासमोर बसा, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. ओरडू नका. आणि सल्ला द्यायचाच असेल तर थोडक्यात द्या, नाहीतर यंत्र तुमच्यादेखत निघेल.