भिलाईचे पहिले पिच

भिलाईत २००५ पासून तांत्रिक विद्यापीठ आहे आणि २०१६ पासून आयआयटीही. म्हणजे विद्यार्थ्यांच्या पिच स्पर्धेला लागणारा कच्चा माल शहरात भरपूर. पाच मिनिटे, दहा स्लाइड आणि शेवटी छप्पर फाडून वर निघालेला नफ्याचा आलेख.

अशाच स्पर्धेच्या परीक्षकांपुढे १९५५ साली खुद्द भिलाई पोलाद कारखाना उभा राहिला असता तर?

कर्ज आणि तंत्रज्ञान सोव्हिएत संघाचे, लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचे, पहिले उद्दिष्ट वर्षाला १० लाख टन पोलाद. संस्थापक? भारत सरकार. अनुभव? बेताचाच. मोठे गिऱ्हाईक? रेल्वे, म्हणजे पुन्हा सरकारच! परीक्षकांनी तिथेच एकमेकांकडे पाहिले असते. त्यात पहिली झोतभट्टी सुरू व्हायला ४ फेब्रुवारी १९५९ उजाडले. उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले. हल्ली चार वर्षांत स्टार्टअप निघते, गाजते, बुडते आणि संस्थापक त्यावर व्याख्याने देत हिंडतो.

तेव्हा कारखान्याला मिळाले असते उत्तेजनार्थ प्रमाणपत्र, एक कॉफीचा मग आणि प्रेमळ सल्ला: पोलादाचे पुढे बघू, आधी भंगारवाल्यांसाठी एखादे ॲप काढा.