कामूनकाका

संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत सकाळी सातच्या सुमारास एखाद्या उभ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले तर घाबरायचं कारण नाही. पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला असेल आणि शेजारी स्टीलच्या वाटीत चार स्क्रू असतील, तर ते कामूनकाका आहेत. गाडी त्यांची नसते. ज्याची असते तो मालक बहुधा अजून झोपलेला असतो. वाटी मात्र त्यांच्याच घरची असते, आणि दुपारी आमटी वाढताना ती कमी पडली की काकू सरळ गाडीपाशी येतात, स्क्रू पदरात ओततात, वाटी घेऊन जातात.

हा माणूस आमच्याच गल्लीत आहे असं समजू नका. १९८५ साली राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजला बजाजच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्याच्यामागून सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या, आणि या शहरातल्या एका अख्ख्या पिढीने शिफ्टच्या बसमध्ये डुलक्या काढल्या. ती पिढी आता रिटायर होऊन घरी बसलीय. बसलीय म्हणजे काय, बसवत नाही म्हणून उठून दुसऱ्याच्या गाडीखाली शिरलीय. गारखेड्यात असा एक काका आहे, हडकोत आहे, बजाजनगरात तर गल्लीला दोन सापडतील.

आमचे काका वाळूजच्या एका कंपनीत मालतपासणीला होते. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू नापास करण्याचा पगार त्यांनी आयुष्यभर घेतला. तिथल्याच एका ट्रेनिंगात त्यांना टोयोटाच्या ताइची ओहनोंची पद्धत कळली : बिघाड दिसला की लगेच हात घालायचा नाही, पाच वेळा ‘का?’ विचारायचं, पाचव्याला मूळ हाती लागतं. काकांनी त्या ‘का’चं मराठवाडी ‘कामून’ केलं आणि ते घरी आणलं. दूध नासलं, कामून? उशिरा तापवलं. उशिरा कामून? गॅस संपला होता. संपला कामून? इथवर आलं की काकू पातेलं आपटतात आणि चौकशी तहकूब होते. जायकवाडीचं एवढं मोठं धरण जिल्ह्यातच असून नळाला रोज पाणी नाही कामून, या प्रश्नात मात्र काका इतक्या वर्षांत दुसऱ्या कामूनच्या पुढे सरकलेले नाहीत.

त्यांचे कान भयंकर आहेत. भाचीच्या साखरपुड्यात व्याह्यांची गाडी दारात थांबताच त्यांनी नमस्काराच्या आधी सांगितलं, ‘‘बेल्ट जातोय तुमचा. आठ दिवस काढील.’’ बेल्ट खरंच तुटला. तेव्हापासून त्या घरात काकांचं नाव दृष्ट लावणाऱ्यांच्या यादीत आहे. २०१० साली या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. काकांची खंत एवढीच, की त्यांतली एकही अजून त्यांच्यापाशी कुरकुरत आलेली नाही.

त्यांची खरी कसोटी लागली ती समोरच्या सरांच्या गाडीत.

गाडी पेट्रोल पीत नव्हती. पंपावर दोन लिटर जायच्या आत नोजल ‘टक’ करून बंद. पोरगा पुन्हा दाबायचा, पुन्हा टक. मागे रांग, रांगेत हॉर्न, हॉर्नमागे शहराची खास भाषा. पुढे तर वेरूळला सहकुटुंब जाताना दौलताबादच्या घाटात गाडीने मानच टाकली. थोडा वेळ उभी केली की सुरू, पाच-सहा किलोमीटरनंतर पुन्हा बंद. गॅरेजवाल्याने आधी फिल्टर बदलला. मग मान हलवत म्हणाला, ‘‘सर, पंप की मोटर गई. टंकी उतारनी पडती.’’ आकडा ऐकून सर घरी आले ते थेट ओट्यावरच बसले.

कंपाउंडच्या भिंतीवर काकांचं डोकं उगवलं. ‘‘मोटर गेली? कामून?’’

‘‘तो म्हणतो म्हणून.’’

‘‘त्यानं मोटर मोजली का? प्रेशर बघितलं का? पार्ट बदलून बघणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत, सर. याला लॉटरी म्हणतात.’’

काका लगेच बॉनेट उघडतील असं वाटलं असेल तर तुम्ही काकांना ओळखत नाही. त्यांनी खुर्ची मागवली. तिच्यावर सरांना बसवलं आणि जबानी सुरू केली. ‘‘टाकीचं झाकण उघडताना काय ऐकू येतं?’’

‘‘फुस्स.’’

‘‘आत का बाहेर?’’

सरांनी तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, पण फुस्सची दिशा त्यांना कुणी विचारली नव्हती.

मग काकांनी खिशातून किराण्याची पावती काढली, करंगळीएवढी पट्टी फाडली. वॉचमनची बिडी फाटकाबाहेर पाठवली. पेट्रोलपाशी काका कुणाचं ऐकत नाहीत. इंजिन अर्धा तास चालवून झालं होतं. एका हाताने पट्टी टाकीच्या तोंडाशी धरून दुसऱ्या हाताने त्यांनी झाकण हळूच अर्धा आटा फिरवलं. आम्ही सगळे वाकलो. पट्टी थरथरली आणि सुळ्ळकन तोंडाकडे ओढली गेली, झाकणाच्या कडेला चिकटलीच.

‘‘आत,’’ काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. ‘‘टाकी घुसमटलीय. मोटर बिचारी चांगलीय.’’

यानंतर जे व्याख्यान झालं त्याला चहा दोनदा झाला. पेट्रोलची आपोआप वाफ होते, संभाजीनगरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. ही वाफ मोकळी सोडली तर हवा बिघडते, म्हणून गाडीत कोळशाचा एक डबा असतो, कॅनिस्टर. टाकीतली वाफ त्या कोळशात मुरते. गाडी पळायला लागली की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. पण ओढायचं तर मागून ताजी हवा यायला हवी. त्यासाठी डब्याला बाहेरच्या बाजूला आणखी एक दार, तो व्हेंट व्हॉल्व्ह. तो एरवी उघडाच असतो. कुठे गळती आहे का हे तपासताना गाडीचा कॉम्प्युटर त्याला करंट देऊन घटकाभर मिटतो, एवढंच. हा मिटला तो मिटलाच राहिला की झालं : भरताना आतली हवा बाहेर पडत नाही, म्हणून नोजल टक. चालवताना पेट्रोल संपत जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून टाकीत पोकळी, आणि मोटर कितीही ओढो, पेट्रोल येईना.

‘‘झाकणातूनही थोडी हवा यायला पाहिजे की,’’ कुणीतरी शंका काढली.

‘‘ओरिजिनल झाकण असतं तर आली असती,’’ काका म्हणाले. सरांनी मान खाली घातली. झाकण फूटपाथवरचं होतं.

‘‘चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरला कळलं होतं हे,’’ काका पुढे म्हणाले. ‘‘जमिनीखालून नहर आणली, तर मध्ये मध्ये बंब, म्हणजे उंच मनोरे, बांधले. नळात हवा अडकली की पाणी अडतं. पाणचक्की बघायला जाता, फोटो काढून येता. बंब बघितला का कुणी?’’ कुणीच बघितला नव्हता.

मग कोळ्याची गोष्ट. ती आम्हाला पाठ आहे, तरी सांगताना काकांचा आवाज खाली येतो. २०११ साली माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेत पासष्ट हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. कारण, एक पिवळा कोळी या वाफेच्या नळीत शिरून जाळं विणायचा आणि हवेची वाट बुजायची. टाकीला तडा जाऊन आग लागण्याची भीती. ‘‘पासष्ट हजार गाड्या! एवढासा कोळी!’’ काका चिमूट दाखवतात. काकू तेवढ्यात खिडकीतून विचारतात, ‘‘आणि बैठकीतल्या जळमटांचं काय करायचं?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय गाडीखाली दिसले. पुढच्या चाकांना विटा, मागे जॅक, वर कॅनिस्टरपाशी हात. एक कनेक्टर, दोन क्लिपा, एक दहाचा बोल्ट. व्हॉल्व्ह हातात आला तो लिंबाएवढा, घाटातल्या धुळीने माखलेला. काकांनी तो जुन्या बॅटरीच्या बारा व्होल्टला जोडला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चांगला व्हॉल्व्ह करंट दिला की टक करतो. ही टक चांगली, पंपावरची टक वाईट, हेही त्यांनी समजावलं होतं. काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी पंक्चरच्या दुकानातून आणलेल्या हातपंपाने हवा मारली. पलीकडून हवा आली नाही. मग व्हॉल्व्ह पेपरवर उलटा करून पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकला, आणि कागदावर मोहरीएवढे काळे दाणे सांडले.

कोळसा. काकांनी ते दाणे पुडीत बांधले. ती पुडी अजून त्यांच्या कपाटात आहे.

‘‘व्हॉल्व्ह अडकला, कामून? कोळसा आला. कोळसा कामून? डबा आतून फुटला. फुटला कामून? त्यात वाफेऐवजी पातळ पेट्रोल गेलं. ते कामून?’’ चार झाले होते. काका सरांकडे वळले. ‘‘सर, पंपावर नोजल आपोआप बंद झाल्यावर तुमी काय करता?’’

‘‘काय करणार? राउंड फिगर.’’

‘‘म्हणजे टाकी भरल्यावर अजून?’’

‘‘थोडंसंच. एकोणीसशे सदुसष्ट झाले तर दोन हजार. सुटे कुठे असतात त्यांच्याकडे?’’

‘‘पैसे कसे देता?’’

‘‘मोबाइलने,’’ सर म्हणाले, आणि मग खूप वेळ बोलले नाहीत.

गॅरेजचा पोरगा जुन्या फिल्टरची पावती द्यायला आला होता. तो पुडी बघून म्हणाला, ‘‘काका, ये तो हम खोलकेच नई देखे.’’ काकांनी त्याला खुर्ची दिली. शिकायला आलेल्याला ते कधी परत पाठवत नाहीत, घाई असली तरी.

सरांचा विचार व्हॉल्व्ह पुसून परत बसवायचा होता. काकांनी तो नापास केला. डबा फुटलेला ठेवून व्हॉल्व्ह बदलला तर नवाही महिन्याभरात कोळसा खाऊन मरेल. दोन्ही नवे आले, सोबत झाकणही कंपनीचं. मोटरीच्या आणि टाकी उतरवण्याच्या खर्चाच्या मानाने तरी सर सुटले. बसवायला फार वेळ लागला नाही. काकांच्या चेहऱ्यावर मात्र बसवताना काही उत्साह नव्हता. शोध संपला की त्यांच्या लेखी गाडी मेली; उरलेलं काम कुणीही करावं.

तपासणीसाठी पंपावर जायचं ठरलं तेव्हा ते पुढच्या सीटवर बसले. पेट्रोल न अडखळता धो धो गेलं. नोजल थांबलं तेव्हा आकडा होता १,९४३. पोरगा सवयीने म्हणाला, ‘‘सर, दोन हजार करून टाकू?’’ सरांचं ‘हो’ ओठांवर आलंच होतं. काका दार उघडून खाली उतरले. पुढे काय झालं ते मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांना विचारा. व्हेंट व्हॉल्व्हचं काम त्यांतल्या तिघांना आता तोंडपाठ आहे. पोरगा शेवटी हात जोडून म्हणाला, ‘‘हौ काका, समझ गया.’’

सरांची गाडी तेव्हापासून ठणठणीत आहे आणि काका कोमेजलेले. सकाळी गेटपाशी उभे राहून जाणाऱ्या प्रत्येक इंजिनाकडे कान देतात. कुणी नीट झालेल्या गाडीबद्दल आभार मानले की कसंनुसं हसतात.

काल काकूंचा फोन आला. आवाज दबका. ‘‘तुमच्या स्कूटरला काही खडखड येते का हो?’’

‘‘नाही काकू, उत्तम चाललीय.’’

‘‘मग येते म्हणून सांगा ना जरा. सकाळपासून माझा फ्रिज पुढे ओढून त्याच्या मागे बसलेत. तो बंद नाही, बरं का. चालतोय कामून, म्हणे!’’