नहाणीचा ढाळ

भाड्याने द्यायला घेतलेल्या जुन्या फ्लॅटच्या दुरुस्तीत तीन पक्ष असतात : मालक, कंत्राटदार आणि भिंतीतला गंजलेला जीआय पाइप. पहिल्या दोघांत करार होतो. तिसऱ्याची सही कोणी घेत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकाचा खरा आकडा तोच ठरवतो. पुण्यातल्या चाळीसेक वर्षांच्या इमारतींत हा पाइप बहुधा न्हाणीघराच्या भिंतीत, अगदी पहिला हातोडा पडतो तिथेच असतो.

कंत्राटदार मिळतो तो ओळखीतून. 'मेहुण्याकडे त्यानेच केलंय' एवढे प्रमाणपत्र पुरते. मालक मेहुण्याकडे जाऊन टाइल्स बघून येतो. बघायला हवा असतो मेहुण्याचा चेहरा. शिवाय नुकतेच झालेले काम बघण्यात अर्थ नसतो, कारण नवे काम सगळ्यांचेच चांगले दिसते. दोन पावसाळे काढलेली बाथरूम बघावी, आणि तीही खालच्या मजल्यावरून, मान वर करून.

दर दोन प्रकारचे. 'विथ मटेरियल'मध्ये माल कंत्राटदार आणतो आणि काय आणले हे मालकाला कळत नाही. 'लेबर रेट'मध्ये माल मालक आणतो आणि काय आणायचे हे मालकाला कळत नाही. मग एका एल्बोसाठी आणि टेफ्लॉन टेपसाठी त्याच्या बोहरी आळीत दिवसाला दोन खेपा होतात. मोजमापाची भाषाही शिकावी लागते : फरशी चौरस फुटात, स्कर्टिंग रनिंग फुटात, वाळू ब्रासमध्ये. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. हे ठाऊक नसलेला मालक 'ब्रास' ऐकून नळ पितळी असणार असे समजून मान डोलावतो आणि तिथेच त्याचे पितळ उघडे पडते.

सगळ्या प्रकरणाची किल्ली मात्र ॲडव्हान्समध्ये असते. कंत्राटदाराकडे एका वेळी चार-पाच कामे आणि माणसांची टोळी एकच. मालकाने दिलेली निम्मी रक्कम आधीच्या साइटवरच्या सुताराच्या मजुरीत जाते. मालकाचे काम पुढच्या गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्सवर पुरे होणार असते. यात कोणी कोणाला बुडवत नाही, सगळा हिशेब 'मागील पानावरून पुढे' चालू असतो. फोनवर तो 'साइटवरच आहे, साहेब' म्हणतो तेही खरे असते. कुठल्या, एवढेच तो सांगत नाही. म्हणून जाणते लोक पैसे टप्प्याटप्प्याने देतात आणि शेवटचे दहा टक्के मुठीत धरून ठेवतात.

फोडाफोडीच्या दिवशी मात्र आठ माणसे सकाळी नऊला हजर असतात. कमोड, ओटा, फरशी संध्याकाळपर्यंत राडारोडा होऊन गोणीत. मालकाला हा उत्साह वाटतो, पण त्यात शास्त्र आहे : संडास नसलेल्या घराचा मालक कंत्राटदार बदलू शकत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिथे एक बिगारी आणि त्याचा रेडिओ एवढेच उरतात. सुतार राजस्थानचा असला तर होळी, फरशीवाले बिहारचे असले तर छठ, प्लंबर कोकणातला असला तर गणपती. कामाचे वेळापत्रक मागताना या तारखा आधी विचाराव्यात.

खरी परीक्षा न्हाणीघरात. ब्रिकबॅट कोबा झाला की नहाणी ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवतात, निदान अठ्ठेचाळीस तास. निकाल खालच्या काकू आणून देतात. त्यानंतर ढाळ. दर फुटाला साधारण तीन मिलिमीटर उतार हवा. मिस्त्री ओळंबा, गुण्या, लेव्हलची नळी सगळे बाळगून असतो, पण ढाळ डोळ्यानेच काढतो. फरशी बसल्यावर मालक बादलीभर पाणी ओततो. पाणी क्षणभर थबकते, नहाणीकडे बघते आणि दरवाजाकडे निघते.

'ढाळ उलटा पडलाय.'

'जाईल हो साहेब पाणी. नवीन फरशी आहे, जरा वापरात येऊ द्या.'

'आणि नाही गेलं तर?'

'वायपर मारायचा.'

उशिराचा हिशेब सोपा असतो. भाडे महिना वीस हजार धरले आणि काम तीन महिने लांबले, तर साठ हजार गेले. मालकाने दोन रविवार घासाघीस करून कमी करून घेतलेले असतात आठ. दंडाचे कलम करारात घातले तर कंत्राटदार हसत सही करतो आणि 'एक्स्ट्रा'ची यादी काढतो. तिच्या अग्रभागी तो जीआय पाइप असतो. आयकर खात्याने ही सगळी बिले बघायचे टाळले आहे : मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीवर रुपया खर्च करा की चार लाख.

शेवटी रंग होतो, दहा टक्के सुटतात आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी होते. करारनाम्याला घरातल्या वस्तूंची यादी जोडलेली असते : पंखे – ३, ट्यूबलाइट – ४, गीझर – १, वायपर – १.