मदतीची संध्याकाळ, टेबल नंबर सतरा

या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये, असं सांगणाऱ्या पिढीकडे ड्रोन कॅमेरा नव्हता. आता तो आहे आणि जोडीला एलईडीची भिंतही आहे. त्यामुळे एकाने दिलेलं दुसऱ्या हातालाच काय, खाली पार्किंगमध्ये डबा खात बसलेल्या ड्रायव्हरांनाही दिसतं. परवा आमच्या शहरातल्या एका पंचतारांकित हॉटेलात अशीच भव्य संध्याकाळ झाली. नामवंत खेळाडूंची उपस्थिती, ऑर्केस्ट्रा, हास्यकलाकार, लिलाव आणि भोजन. निमित्त होतं तालुक्याच्या गावी कबड्डी खेळणाऱ्या मुलींना मॅट मिळवून देण्याचं.

मुली मातीत सराव करतात आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. महिलांचं मैदान बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. हॉटेलच्या दारापासून व्यासपीठापर्यंत अंथरलेला लाल गालिचा याहून लांब होता, पण तो भाड्याचा. शिवाय त्यावर चढाई करायला आयोजकांखेरीज कोणालाही परवानगी नव्हती.

पाहुण्यांच्या स्वागताला दारात लेझीम होती. लेझीम खेळत होत्या त्याच कबड्डीच्या मुली. निधी ज्यांच्यासाठी गोळा होतोय त्यांचा कार्यक्रमात सहभाग हवाच, असा समितीचा आग्रह. पाहुणे आत गेल्यावर मुलींना मागच्या जिन्याने तळघरात नेऊन पुलावाची पाकिटं देण्यात आली. वर बुफे होता, पण तो पासवर होता.

आत आसनव्यवस्था मोठी विचारपूर्वक केलेली. पहिल्या टेबलावर भारतासाठी दोन एकदिवसीय सामने खेळलेले क्रिकेटपटू, भोवती बिल्डर, डॉक्टर आणि दोन माजी नगरसेवक. ज्यांच्या चढायांनी एके काळी मैदानं दणाणली, त्या शिवछत्रपती पुरस्कारविजेत्या कबड्डीपटू बाई टेबल नंबर सतरावर, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी. वेटर ट्रे घेऊन बाहेर आला की बाई सवयीने अंग चोरून त्याला हुलकावणी देत होत्या. संध्याकाळभरात खरा खेळ झाला तो एवढाच. पुढे त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. सूत्रसंचालिकेने त्यांना खो-खोपटू म्हटलं. बाईंनी दुरुस्ती केली नाही. अशा बऱ्याच शाली त्यांच्या कपाटात असाव्यात.

मग बॅटचा लिलाव. कार्यक्रम कबड्डीसाठी आणि लिलाव बॅटचा, हे विचित्र वाटत असेल तर तुम्ही अजून निधीसंकलनात मुरलेले नाही. जुलै २०११ मध्ये लंडनच्या एका धर्मादाय भोजनात, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने वापरलेली बॅट एक लाख पौंडांना गेली. तेव्हापासून कोणत्याही संध्याकाळी बॅट निघाली नाही तर पाहुण्यांना जेवण पचत नाही. आमच्या बॅटवर अकरा सह्या होत्या. त्यातल्या तीन कोणाच्या, हे आयोजकांनाही सांगता येईना. एका बिल्डरने ती घेतली, टाळ्या घेतल्या आणि भावनेच्या भरात तिथल्या तिथे परत केली, ‘पुन्हा लिलाव करा’ म्हणून. दुसऱ्या फेरीत ती निम्म्या किमतीलाही कोणी घेईना. शेवटी समितीच्या अध्यक्षांनीच घेतली, उधारीवर.

देणग्यांच्या कोपऱ्यात ‘८० जी’च्या पावत्या फाडल्या जात होत्या. दोन हजारांवर रोख दिली तर करसवलत नाही, हे कळताच काही दानशूरांचा हात खिशातच अडकला. त्यांच्याकडे रोखच होती.

भोजनानंतर खजिनदार भेटले. गृहस्थ मनमोकळे. मी म्हटलं, “अहो, १९८३ मध्ये आपण विश्वचषक जिंकला तेव्हा क्रिकेट मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला, स्वतः एक पैसा घेतला नाही. सुमारे २० लाख जमले आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाले.”

खजिनदारांनी हळहळून मान हलवली. “मुख्य कलाकारच फुकट? मग खर्च दाखवायचा कशावर? आणि शाळकरी पोराला तोंडी करता येईल असा हिशेब? ऑडिटर काय म्हणेल हो!”

मी खाशाबा जाधवांचं उदाहरण काढलं. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले, कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लांग कसून उतरले आणि त्या पैशांतून सरांचं घर सोडवलं.

“बघा!” खजिनदार एकदम खूश. “म्हणजे लाभार्थीनेच परफॉर्म करायचं, हीच आपली परंपरा. आम्ही तरी दुसरं काय केलं? लेझीम पाहिलीत ना?”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. तेवढ्यात शेवटचा सोहळा सुरू झाला. फोमच्या पाटीवर छापलेला सहा फुटी धनादेश मुलींच्या प्रशिक्षिकेला देण्यात आला. फोटोसाठी पंधरा जणांनी तो धरला. प्रशिक्षिका त्याच्या मागे झाकल्या गेल्या, फोटोत त्यांची फक्त चप्पल आली. रात्रीच्या एसटीत ती पाटी आडवी बसेना, उभी राहीना. कंडक्टरने तिचं लगेज लावलं. खरा धनादेश हिशेब पूर्ण झाल्यावर पोस्टाने येईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

हिशेब पूर्ण झाला. हॉटेल, ध्वनी, ड्रोन, एलईडी, पहिल्या टेबलाचं विमान, हास्यकलाकाराचं मानधन आणि त्याच्या सहायकाचं मानधन वजा जाता संध्याकाळ तुटीत गेली. बॅटचे पैसे येणे बाकी आहेत. समितीने मात्र धीर सोडलेला नाही. ही तूट भरून काढण्यासाठी दिवाळीनंतर त्याच हॉटेलात आणखी मोठी संध्याकाळ ठरली आहे. प्रशिक्षिकाबाईंना फोनही गेला.

“मॅटचं बघू हो मॅडम, आपलीच कामं आहेत. तुमच्या मुलींना ढोल येतो का, तेवढं सांगा.”